ठाऊक असलेले उत्तर

ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारायचा आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प राहायचे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. शाळामास्तरांना ती जमते, कारण त्यांना तिचाच पगार मिळतो. वकिलांनाही जमते. पण तुमच्या-माझ्यासारख्या चारचौघांना ती सहसा साधत नाही. पाहुण्यांसमोर आपण चार वर्षांच्या मुलाला म्हणतो, "बाळ, नाव सांग बघू तुझं!" आणि बाळाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे नाव, आडनाव, शाळा आणि इयत्ता आपणच सांगून मोकळे होतो. बाळाला नाव सांगता येते की नाही हे पाहुण्यांना शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याला मात्र ते कळल्याचे समाधान मिळते!

माझा पोटापाण्याचा धंदा छोट्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिण्याचा. कॉम्प्युटर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो पडदा आणि जो कळफलक येतो, तो या यंत्रांना नसतो. ती कुठे तरी भिंतीवर टांगलेली, एखाद्या पेटीत बसवलेली असतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि तसे पाहावे लागू नये हीच त्यांची कीर्ती. या धंद्यात मला असा एक गृहस्थ भेटला की, प्रश्न कानावर पडताच तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. ज्याला तो विचारलेला असतो त्याच्यापर्यंत जाऊच देत नाही. या गृहस्थाचे नाव कंपायलर.

कंपायलर हा एक दुभाष्या आहे. आम्ही लिहितो ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत; यंत्राला कळतात त्या फक्त शून्य आणि एक यांच्या रांगा. पहिल्यातून दुसऱ्यात उतरवण्याचे काम याचे. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या हाताखालच्या मंडळींनी फोरट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला, तेव्हा नुसता शब्दाला शब्द ठेवणारा दुभाष्या असून भागणार नव्हते. त्या काळचे प्रोग्रामर यंत्राची भाषा हाताने लिहीत. यंत्राने लिहिलेली भाषा आपल्या हातच्यासारखी सुटसुटीत उतरेल यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, आणि यंत्राचा एकेक तास तर सोन्याच्या मोलाचा. तेव्हा काटकसर हा गुण कंपायलरच्या अंगी अगदी जन्मापासून मुरवावा लागला. पुढे त्याच कंपनीतल्या फ्रान्सेस ॲलन यांनी या काटकसरीला शास्त्राचे रूप देण्यात मोठा वाटा उचलला. संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री; २००६ सालचा पुरस्कार त्यांना मिळाला.

ही काटकसर एखाद्या जाणत्या गृहिणीची असते. एकच बेरीज दहा ठिकाणी लिहिलेली दिसली, तर ती एकदाच करून उत्तर हाताशी ठेवायचे. ज्या पदार्थाला कोणी खाणारच नाही तो चुलीवर चढवायचाच नाही. आणि तांदळाचा डबा नुकताच भरून फळीवर ठेवल्यावर कोणी विचारले, "त्या डब्यात काय आहे गं?" तर उठून, डबा उतरवून, झाकण काढून पाहण्याची गरज नाही. "तांदूळ!" आत्ताच तर भरले. दुभाष्याला भाषेच्या नियमांनी ही मोकळीक दिलेली आहे. बाहेरून दिसणारा परिणाम तोच राहिला म्हणजे झाले. आत कामे कशी उरकायची ते त्याने ठरवावे. आज आपल्या खिशातली यंत्रे इतकी चपळ चालतात, त्याचे बरेचसे श्रेय या न उघडलेल्या डब्यांना आहे.

आता यंत्राच्या स्मृतीची परीक्षा कशी घेतात ते पाहा. स्मृती म्हणजे हजारो, लाखो, कोट्यवधी खणांचे एक कपाट. प्रत्येक खणात काही तरी ठेवायचे, मग तो उघडून ठेवले तेच आहे ना ते पाहायचे. प्रथम ०१०१०१०१ असे एकाआड एक ठेवायचे, नंतर त्याच्या नेमके उलट १०१०१०१०. म्हणजे एखादी जागा शून्यावरच अडकून बसली असेल, एकावरच अडकली असेल, किंवा शेजारणीला चिकटून तिच्या तालावर नाचत असेल, तर ती उघडकीला येते. उलट आले की लाल दिवा, सुलट आले की हिरवा. यात अवघड काही नाही.

हा प्रोग्राम कंपायलरच्या हाती गेला की तो वाचतो: या खणात अमुक ठेव, आता तो खण उघड, आत अमुक नसेल तर लाल दिवा लाव. त्याच्या दृष्टीने हा प्रश्नच वेडगळ आहे. आत्ताच तर ठेवले, दुसरे काय असणार? म्हणून खण उघडण्याचा हुकूम तो गाळतो. उघडायचेच नाही तर ताडून काय पाहायचे, म्हणून तेही गाळतो. आणि लाल दिव्याची वेळ कधी येणारच नाही म्हटल्यावर, लाल दिवा लावण्याचा हुकूमही खोडून टाकतो! परीक्षेतून प्रश्न गेले, तपासणी गेली, नापास होण्याची सोयसुद्धा गेली. राहिला तो हिरवा दिवा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसएक वर्षांपूर्वी मी ज्या छोट्याशा कारखान्यात होतो, तिथे रक्तपेढीच्या शीतकपाटावर पहारा करणारे एक यंत्र तयार होत असे. साठवलेले रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे लागते. आमचे यंत्र रात्रंदिवस कपाटातले तापमान टिपायचे, ती टिपणे ३२ किलोबाइटच्या एका चिपमध्ये साठवायचे, आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवायचे. सकाळी माणूस आला की त्या टिपणांवरून ठरायचे, की रात्री वीज गेली होती तेव्हा पिशव्या निभावल्या की नाही. एखादे टिपण बिघडले आणि कोणाला कळले नाही, तर त्याचा शेवट कुठे तरी कोणाच्या तरी शिरेत होणार. म्हणून वीज आल्याबरोबर यंत्र प्रथम त्या चिपची परीक्षा घेई. त्याला दोन-तीन सेकंद लागत. मग हिरवा दिवा. कित्येक वर्षे हे सुरळीत चालले होते.

मग प्रोग्राम वाढत गेला, जागा अपुरी पडू लागली आणि नवा कंपायलर आणून त्याला काटकसरीने काम करायला सांगण्यात आले. परीक्षेच्या प्रोग्रामातले एक अक्षरही कोणी हलवले नव्हते. पण आता वीज येताच क्षणात हिरवा दिवा लागू लागला. यंत्र चपळ झाले असे कारखान्यात बोलले जाऊ लागले. आमच्याकडे एक वडीलधारे तंत्रज्ञ होते. ते म्हणाले, "तीन तासांचा पेपर पोरगं पाच मिनिटांत देऊन बाहेर आलं, तर मी पेढे वाटणार नाही. आधी पेपर कोरा आहे का ते बघेन." त्यांनी वीज बंद केली, ती चिप खोबणीतून अलगद उपसून टेबलावर ठेवली आणि पुन्हा वीज दिली. हिरवा दिवा लागला. चिप टेबलावर पडलेली, आणि यंत्र सांगत होते की स्मृती शाबूत आहे! यंत्रे अजून कारखान्याच्या दाराबाहेर गेली नव्हती, एवढेच नशीब.

यावर उपाय आहे, आणि तो एका शब्दाचा आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी भाषेचे प्रमाणरूप १९८९ साली ठरले, त्यात 'व्होलटाइल' हा शब्द आला. रसायनशाळेत याच शब्दाचा अर्थ उडून जाणारे, हवेत विरणारे असा आहे. मला त्यावर कापराची डबी आठवते. कापूर उडू नये म्हणून आपल्याकडे डबीत मिरी टाकून ठेवतात. आणि तरीसुद्धा आरतीच्या वेळी डबी उघडून कापूर आहे ना ते पाहावेच लागते. काल भरली होती हे उत्तर तिथे चालत नाही. खणावर हा शब्द लिहिला की कंपायलरला एवढेच सांगितलेले असते, की बाबा रे, यात तांदूळ नाहीत, कापूर आहे. ठेव म्हटले की दर वेळी खरोखर ठेव, उघड म्हटले की दर वेळी खरोखर उघड. तुला काय ठाऊक आहे ते या खणापुरते विसर. तापमापकाचा आकडा किंवा घड्याळाचा ठोका, असे आपण न शिवता आपोआप बदलणारे जे असते, ते यंत्राला कपाटातल्या खणासारखेच दिसते. अशा खणांवर हा शब्द लिहावाच लागतो. परीक्षेच्या खणांवरही तोच लिहिला.

पण शब्द लिहिला म्हणजे दुभाष्याने तो मानलाच असे धरावे काय? आमचे तंत्रज्ञ तेही धरायला तयार नव्हते. कंपायलरने उतरवलेल्या यंत्रभाषेचे कागद छापून घेऊन ते पेन्सिलने एकेक ओळ पाहत बसले: ठेवले, उघडले, ताडले, ठेवले, उघडले, ताडले. त्या वेळी हे जरा अतीच वाटणारे काम होते. पुढे २००८ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी नावाजलेले तेरा कंपायलर तपासले. त्यांपैकी प्रत्येकात त्यांना असे प्रसंग सापडले, की जिथे हा शब्द लिहिलेला असूनही तो नीट पाळला गेला नव्हता. तेरांपैकी तेरा! तेव्हा पेन्सिल हातात घेणारा माणूस संशयी नव्हता, नुसता अनुभवी होता.

कागद निर्दोष निघाले. चिप अजून टेबलावरच होती. वीज दिली, या वेळी दोन-तीन सेकंद लागले, आणि हिरवाच दिवा लागला!

या खेपेला कंपायलर निरपराध होता. तो मुकाट्याने प्रत्येक खणाकडे जात होता. फक्त तिथे खणच नव्हता. मग उत्तर कोणी दिले? तारांनी. चिपकडे जाणाऱ्या तारांवर आपण जे पाठवतो त्याचा विद्युतभार त्या क्षणभर धरून ठेवतात. त्याच क्षणी परत विचारले, तर आपलाच शब्द आपल्याकडे परत येतो. कोरड्या विहिरीत वाकून "कोण आहे?" असे ओरडावे आणि "आहे" असे उत्तर ऐकून निश्चिंत मनाने घरी जावे, तशातला हा प्रकार. तोड साधी होती. एका खणात ठेवल्यावर लगेच विचारायचे नाही. मध्ये दुसऱ्या एका खणात नेमके उलटे काही तरी ठेवायचे, म्हणजे तारांवरचा पहिला शब्द पुसला जाईल. मग पहिल्याकडे वळायचे. तसे केले, आणि मुळात पहिल्याच दिवशी लागायला हवा होता तो लाल दिवा एकदाचा लागला. एखाद्या लाल दिव्याने माणसांना इतका आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

मोठ्या यंत्रांत ही कथा आणखी लांबते. तिथे आतल्या कोठाराच्या अलीकडे ओसरीवर एक छोटेसे जलद कपाट असते. नुकतेच ठेवलेले तिथेच सापडते, आणि कोठाराची परीक्षा घ्यायला निघालेला माणूस ओसरीवरूनच परततो. शिवाय परीक्षा घेणारा प्रोग्राम स्वतःही त्याच स्मृतीत कुठे तरी बसलेला असतो. १९९४ साली क्रिस ब्रेडी यांनी लिहिलेला 'मेमटेस्ट८६' हा या कामातला नामांकित प्रोग्राम. तो बसल्या जागेवरून उठून दुसरीकडे जातो आणि आपण बसलो होतो ती जागाही तपासतो. सतरंजी झाडायची तर तिच्यावर बसून कसे चालेल?

इतका अविश्वास हवाच का, असे कोणी विचारील. स्मृती ही वस्तूच तशी आहे. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये जी स्मृती असते तिच्यातला प्रत्येक शून्य-एक म्हणजे एक इवलासा विद्युतभार, आणि तो सतत झिरपत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या स्मृतीची उजळणी करावी लागते. लहानपणी पाढ्यांची करीत असू तशीच. उजळणी थांबली की पाढे गेले. १९७८ साली इंटेल कंपनीतल्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातच युरेनियम-थोरियमचा लवलेश असतो, आणि त्यातून निघालेला एखादा अल्फा कण धडधाकट चिपमधले अक्षर पुसून जाऊ शकतो. २००९ साली गुगलच्या हजारो यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दर वर्षी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत स्मृतीची निदान एक तरी चूक आढळली होती. ठेवलेले तसेच राहते, हे कंपायलरचे गृहीत संसार चालवण्यापुरते ठीक आहे. पण ते गृहीतच तपासायचे असेल, तेव्हा ते हाताशी धरून चालत नाही.

गेल्या वर्षी सांगलीच्या मामींना घेऊन मिरजेच्या एका डॉक्टरांकडे जाण्याचा प्रसंग आला. मामी ऐंशी ओलांडलेल्या. सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. अलीकडे त्या गॅसवर दूध ठेवून अंगणात जात आणि तिथेच रमत. एकदा त्यांनी शेजारणीला तिच्या कधीच निवर्तलेल्या सासूची खुशाली विचारली. "वय झालं, दुसरं काय!" असे मामा म्हणत. पण दुधाचे पातेले तिसऱ्यांदा करपले तेव्हा तेही मुकाट्याने गाडीत येऊन बसले.

डॉक्टरांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?"

"गुरुवार," मामा म्हणाले. "आज उपास असतो तिचा."

"आणि महिना?"

महिनाही मामांनीच सांगितला. आपण कितव्या मजल्यावर आहोत हेही सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि ते हसून म्हणाले, "आजोबा, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. आता आजींची बघू या का?"

मामा खोटे बोलत नव्हते. जवळजवळ साठ वर्षांचा संसार. मामींच्या मनातल्या कुठल्या खणात काय आहे हे त्यांना न उघडता सांगता येत होते. त्यातले कितीक तर त्यांच्या देखतच ठेवलेले.

मग डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले: पेरू, खुर्ची, रुपया. मामींनी ते लागलीच घडाघडा म्हणून दाखवले. "बघा, तिन्ही आले!" मामा आनंदाने म्हणाले. मला मात्र टेबलावर काढून ठेवलेली ती चिप दिसू लागली. डॉक्टरही हुरळले नाहीत. शंभरातून सात वजा करीत जायला त्यांनी सांगितले. गणिताच्या बाईंनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असे न अडखळता उतरून दाखवले. मार्शल फोल्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली जी छोटी परीक्षा बसवली, तिच्यात शब्द सांगणे आणि ते पुन्हा विचारणे यांच्या मध्ये ही वजाबाकी येते. तिने लक्ष किती टिकते ते कळते, आणि कानात घुमणारे ते तीन शब्दही मधल्या वेळात विरून जातात. मग जे उरते ते खरोखर ठेवलेले.

"मघाशी मी तीन शब्द सांगितले होते, आजी. कोणते?"

"पेरू," मामी म्हणाल्या. आणि थांबल्या. त्यांनी मामांकडे पाहिले. मामांचे ओठ हलले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे न पाहताच हाताचा तळवा किंचित वर केला. मामांनी ओठ मिटले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. तो अर्ध्या मिनिटाचा वेळ मामांना किती जड गेला असेल हे त्यांच्या चष्म्यामागच्या डोळ्यांवरून दिसत होते. खुर्ची आली नाही. रुपयाही आला नाही.

परत येताना गाडीत मामी मागे झोपल्या होत्या. मामा मला हलकेच म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं?"

मी काही बोललो नाही. सांगितले असते तर हिरवा दिवा लागला असता, आणि आम्ही सगळे समाधानाने सांगलीला परतलो असतो. औषध सुरू झाले नसते. गॅसचा नळ रात्री बंद करण्याची पद्धत पडली नसती. कंपायलरसारखी मामांचीही सारी चूक एवढीच, की ठेवलेले जागच्या जागी असते यावर त्यांचा भरवसा होता. आणि या भरवशावाचून कोणाचे घर चालले आहे? प्रत्येक डबा दर वेळी उघडून पाहायचा म्हटले तर स्वयंपाक कधी व्हायचा? आमच्या यंत्रातही व्होलटाइल हा शब्द आम्ही मोजक्याच खणांवर लिहिला. सगळीकडे लिहिला असता तर यंत्र गोगलगाईसारखे चालले असते. भरवसा बाजूला ठेवण्याची जागा आणि वेळ नेमून द्यावी लागते, एवढेच.

मामांनी ती वेळ आता नेमून घेतली आहे. दिवाळीच्या आधी सांगलीला गेलो होतो. सकाळी चहाचे आधण ठेवून ते मामींना विचारत होते, "अगं, साखर कुठल्या डब्यात आहे?" साखरेचा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर होता. पण त्यांनी तिकडे पाहिले नाही, हात पुढे केला नाही. आधण उकळू लागले होते. ते गॅस बारीक करून उभे राहिले, आणि मामी फळीवरून नजर फिरवीत होत्या तोवर काही बोलले नाहीत.